दात, तार आणि धीर

रायपूरच्या तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत एखाद्या मराठी घरी असा संवाद हल्ली सहज कानी पडावा. बारा-तेरा वर्षांची नात आरशासमोर उभी राहून दातांवरील तारेत अडकलेला पोह्याचा कण काढण्याच्या खटपटीत असते. आजी जवळ येऊन विचारते, "हे लोखंड आणखी किती दिवस तोंडात बाळगायचं गं बाई?" स्वयंपाकघरातून सूनबाई उत्तर देते, "डॉक्टर दोन वर्षं म्हणालेत, आई." त्यावर आजींचा शेरा ठरलेला : "दोन वर्षांत माणसं घर बांधून राहायलासुद्धा जातात!"

आजींचा हा शेरा वरवर पाहता विनोदाचा वाटला तरी त्यामागचा प्रश्न रास्त आहे. घराचे काम चार गवंडी वाढवून लवकर उरकता येते. दात सरकवण्याचे काम मात्र पैसा ओतून किंवा जोर वाढवून लवकर होत नाही. हे असे का, ह्याचे उत्तर एकदा नीट उमगले म्हणजे तार लावावी की लावू नये, लावलीच तर केव्हा, आणि लावल्यावर वागावे कसे, ह्या पुढच्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्याच एका उत्तरातून निघू लागतात.

प्रथम दात वाकडे का येतात ते पाहू. माणसाला दुधाचे २० आणि कायमचे ३२ दात असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती कोणत्याही पडलेल्या दाताच्या जागी येत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच असावी आणि केव्हातरी पडणारच, अशा समजुतीने पुष्कळ घरांत तिची हेळसांड होते. त्यानंतर पुढचे पटाशीचे दात बदलतात. मग उपदाढा येतात. आणि वरच्या जबड्यातील सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी, म्हणजे बहुतेक मंडळी आपापल्या जागी बसल्यावर येतात. उशिरा येणाऱ्या पाहुण्याची पंगतीत जी गत होते तीच ह्या सुळ्यांची होते. जागा उरली नसेल तर ते ओळीबाहेर, हिरडीच्या वरच्या अंगाला, तिरपे उगवतात.

जागा न उरण्याची कारणे अनेक. लहान जबडा आणि मोठे दात असा योग काही मुलांना वारशानेच लाभतो. काहींच्या बाबतीत दुधाची दाढ किडून वेळेआधीच काढावी लागते. ती जागा मोकळी झाली की मागची सहा वर्षांची दाढ पुढे कलते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडवते. 'दुधाचे दात काय, पडायचेच आहेत' असे म्हणून त्यांच्या किडीकडे काणाडोळा करणाऱ्या पालकांना हा हिशेब सहसा ठाऊक नसतो. दुधाचा दात हा स्वतः दात तर असतोच, पण आपल्या वारसाची जागा राखणारा पहारेकरीही असतो. ह्याखेरीज चौथ्या-पाचव्या वर्षानंतरही अंगठा चोखण्याची सवय, नाकामागील ग्रंथी वाढल्यामुळे तोंडाने श्वास घेणे, गिळताना जीभ दातांवर रेटणे, ह्या गोष्टीही दातांची आणि जबड्याची ठेवण बिघडवतात. ह्यांपैकी कित्येक गोष्टी वेळेवर ध्यानात आल्या तर पुढे तारेची गरजच कमी होते.

वाकडे दात हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे काय? काही अंशी आहे, पण तेवढाच नाही. वरचे पुढचे दात फार पुढे आलेले असतील तर सायकलवरून पडताना किंवा खेळताना तेच प्रथम मोडतात. एकावर एक चढलेल्या दातांच्या फटीत ब्रश पोहोचत नाही, अन्नकण साचतात, हिरड्या सुजतात. काही मुलांचे खालचे दात वरच्या टाळूला टोचत राहतात. काहींचा चावा उलटा असल्याने दात अवेळी झिजतात. दातांचा संबंध वाणीशीही आहे. त, थ, द, ध ह्या वर्णांना व्याकरणकारांनी दंत्य म्हटले ते उगाच नव्हे. आणि मराठीतील 'चमचा' मधला च आणि 'चंद्र' मधला च वेगळे उच्चारताना जिभेचे टोक दातांचाच आधार कमीअधिक प्रमाणात घेत असते.

ह्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. एखादा दात जरासा वळलेला असणे हा रोग नव्हे. चर्वण नीट होत असेल, दात स्वच्छ राखता येत असतील आणि ज्याचे दात त्याला त्याची खंत नसेल, तर त्याला तारेची सक्ती करण्याचे कारण नाही. विशेषतः 'उद्या लग्न ठरवायचे आहे' एवढ्याच कारणासाठी एखाद्या मुलीला घाईघाईने दवाखान्यात नेले जाते तेव्हा दातांपेक्षा पाहणाऱ्यांची दृष्टीच वाकडी आहे असे म्हणावे लागते. शिवाय लग्नाच्या मुहूर्तासाठी हाड आपला वेग वाढवीत नाही.

ह्या शास्त्राला मराठीत दंतव्यंगोपचारशास्त्र असे नाव आहे. त्यामागची कल्पना बरीच जुनी. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस ह्याने असा सल्ला दिला होता की, दुधाचा दात न पडता मागून नवा दात आला तर जुना काढून टाकावा आणि नवा रोज बोटाने दाबून जागेवर आणावा. १७२८ साली पिएर फोशार ह्या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात धातूच्या वाकवलेल्या पट्टीला दोऱ्याने दात बांधून ते ओळीत आणण्याची रीत वर्णिली. ह्या विद्येला शिस्त आणली ती अमेरिकेतील एडवर्ड अँगल ह्यांनी. १८९९ साली त्यांनी चाव्याच्या दोषांचे तीन मुख्य वर्ग केले, आणि त्या वर्गीकरणाचा आधार म्हणून धरली ती वर सांगितलेली सहा वर्षांची दाढच. ते वर्गीकरण आजही प्रत्येक दंतमहाविद्यालयात शिकवले जाते.

भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी १९२० साली कलकत्त्यास देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला, आणि दात सरळ करण्याच्या शास्त्राला वाहून घेतलेल्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ साली स्थापन झाली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हाडात घट्ट रोवलेला दात सरकतो तरी कसा? भिंतीत ठोकलेला खिळा बाजूला ओढला तर भिंत फुटते किंवा खिळा वाकतो. दाताचे तसे होत नाही, कारण दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड ह्यांच्यामध्ये बारीक तंतूंचे एक आवरण असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, पण त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि जिवंत पेशी ह्यांची मोठी वर्दळ असते. दात ह्या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो असे म्हटले तरी चालेल.

तारेचा हलका दाब दातावर सतत पडू लागला म्हणजे ज्या दिशेला दात रेटला जातो त्या बाजूचे तंतू दबतात आणि विरुद्ध बाजूचे ताणले जातात. दबलेल्या बाजूस हाड विरघळवणाऱ्या पेशी गोळा होतात आणि दातापुढचे हाड थोडेथोडे खाऊन वाट मोकळी करतात. ताणलेल्या बाजूस हाड घडवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि दाताने मागे सोडलेली जागा नव्या हाडाने भरून काढतात. कार्ल सँडस्टेड ह्या स्वीडिश संशोधकाने १९०४ साली कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून आणि जबड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ही दुहेरी क्रिया दाखवून दिली.

रायपूरकरांना ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. महादेव घाटावरून खारून नदीच्या काठाने थोडे चालत गेले, तर नदीच्या वळणाची रीत ध्यानात येते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ कुरतडते, आतल्या अंगाला गाळ आणून टाकते. आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले म्हणजे नदीचे पात्रच जागा बदलते. पात्राची रुंदी बहुधा तीच राहते, बदलतो तो त्याचा ठाव. दात असाच सरकतो. पुढचा काठ झिजतो, मागचा भरतो. नदी आणि दात ह्यांत भेद इतकाच की नदीला पुराची मुभा आहे, दाताला नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. अनेक रुग्णांना वाटते की डॉक्टरांनी तार जरा अधिक आवळली तर काम लवकर होईल. प्रत्यक्षात घडते ते उलटच. दाब प्रमाणाबाहेर गेला की तंतूंतील केशवाहिन्या दबून बंद होतात. रक्तपुरवठा थांबला की तेथील पेशी मरतात, आणि ज्या पेशींनी हाड विरघळवून वाट करावयाची त्या कामावरच नसतात. दात काही आठवडे जागचा हलत नाही, दुखतो मात्र अधिक. असा जोर पुनःपुन्हा लावला तर दाताच्या मुळाचे टोकच झिजून आखूड होण्याचा धोका असतो. म्हणून तज्ज्ञ एका दातावर लावतो तो जोर बहुधा ५० ते १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका लहानशा लिंबाच्या वजनाएवढा असतो. एवढ्या जोरावर दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. पाच-सहा मिलिमीटर अंतर तोडावयाचे, मुळे सरळ करावयाची, वरचे आणि खालचे दात एकमेकांत नीट बसवावयाचे, ह्या सर्वांचा हिशेब मांडला की दीड ते दोन वर्षांचा काळ आपोआप निघतो. आजींच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. काम करणारे खरे कारागीर हाडातील पेशी होत. तार ही केवळ त्यांना मिळालेली सूचना आहे.

साधनांत गेल्या काही दशकांत मोठी सुधारणा झाली, तीही हाच नियम ओळखून. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर ह्यांनी दाखवले की दाताच्या कवचावर सौम्य आम्ल लावले असता ते सूक्ष्मपणे खरखरीत होते आणि त्यावर राळेसारखा पदार्थ घट्ट धरतो. त्यामुळे पुढे लहानशी चौकट, जिला ब्रॅकेट म्हणतात, थेट दाताच्या दर्शनी बाजूस चिकटवता येऊ लागली. निकेल आणि टायटॅनियम ह्यांच्या मिश्रधातूची तार १९७०च्या दशकात दंतवैद्यांच्या हाती आली. ती कितीही वाकवली तरी आपला मूळ आकार धरू पाहते आणि दीर्घकाळ हलका, एकसारखा दाब देत राहते. अलीकडे काढता-घालता येणारे पारदर्शक साचेही मिळतात. ते दिसत नाहीत हे खरे, परंतु दिवसाचे २० ते २२ तास घातले तरच उपयोगी पडतात, सर्वच दोषांवर चालत नाहीत आणि हाडाचा वेग त्यांच्यासाठीही तोच राहतो.

पालकांना सर्वांत धक्का बसतो तो दात काढावयाचा सल्ला ऐकून. 'किडका नाही, दुखत नाही, मग चांगला दात का काढायचा?' हा वाद नवा नाही. स्वतः अँगल ह्यांचा दात काढण्यास कडवा विरोध होता. पण त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड ह्यांना पुढे असे आढळले की जागा नसताना सर्व दात ओळीत कोंबले तर ते पुढे झुकतात आणि काही काळाने पुन्हा वाकडे होतात. तेव्हा त्यांनी गुरूचे मत बाजूला ठेवून, निवडक रुग्णांच्या उपदाढा काढून, पुन्हा उपचार केले. आजची रीत ह्या दोन्ही टोकांच्या मधली आहे. प्रत्येक मुलाचे क्ष-किरण चित्र आणि दातांचा साचा घेऊन, जागेचे मोजमाप करून मगच निर्णय होतो. जो दवाखाना हे मोजमाप न करता पहिल्याच भेटीत तार बांधावयास निघतो त्याच्यापासून दूर राहणेच बरे.

तार लावण्यास योग्य वय कोणते? बहुतेकांच्या बाबतीत ११ ते १४ वर्षे, कारण त्या वेळी कायमचे दात आलेले असतात आणि जबड्याची वाढ अजून चालू असते. मात्र तज्ज्ञाला एकदा दाखवून घ्यावे ते सातव्या वर्षीच. उलटा चावा किंवा अंगठा चोखण्यासारखी सवय ह्यांचा बंदोबस्त त्या वयात थोडक्यात होतो. प्रौढांच्या दातांनाही तार लावता येते. हाड आयुष्यभर जिवंतच असते. फक्त हिरड्या निरोगी हव्यात. छत्तीसगडात तंबाखू आणि गूळ ह्यांपासून केलेला गुडाखू दातांना घासण्याची सवय खेड्यापाड्यांत, विशेषतः स्त्रियांत, आढळते. त्याने दात साफ होतात ही समजूत चुकीची आहे. तंबाखूने हिरड्या आणि त्यांखालचे हाड खिळखिळे होते, आणि खचलेल्या काठावर नवे पात्र कसे वळवणार? अशा व्यक्तीने आधी गुडाखू सोडणे हाच उपचाराचा पहिला टप्पा होय.

येथे एका घरगुती उपायाविषयी सावध केले पाहिजे. पुढच्या दोन दातांमधील फट बुजवण्यासाठी काही मुले त्यांभोवती साधे रबर अडकवतात. ते रबर हळूहळू हिरडीखाली सरकते, दिसेनासे होते आणि मुळाच्या टोकाकडे चढत जाऊन भोवतालचे हाड नष्ट करते. अशा रीतीने निरोगी दात गमावण्याची पाळी आलेली आहे. जो हलका जोर तज्ज्ञाच्या हाती औषध असतो तोच अजाण हाती घातक ठरतो.

आता तारेसह नांदण्याविषयी. तार बसवल्यावर काही तासांनी दात ठणकू लागतात, दुसऱ्या दिवशी दुखणे सर्वांत अधिक असते आणि आठवड्याच्या आत ओसरते. गालाला आणि ओठाला आतून फोड येतात. त्यासाठी डॉक्टर मेण देतात. त्याची लहान गोळी टोचणाऱ्या जागी बसवली आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या की आराम पडतो. पहिले काही दिवस 'स' आणि 'च' हे उच्चार अडखळतात. अशा वेळी मुलाला वर्गात मोठ्याने वाचावयास उभे करून हसणाऱ्यांची करमणूक करू नये, एवढे भान शिक्षकांनी ठेवावे. घरी मात्र त्याने रोज थोडे मोठ्याने वाचावे. जीभ आठ-दहा दिवसांत नव्या शेजाऱ्याशी जुळवून घेते.

खाण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. जे फोडावे लागते ते टाळावे, आणि जे चिकटते तेही टाळावे. तीजा-पोळ्याला छत्तीसगडी शेजाऱ्यांकडून येणारी ठेठरी आणि खुरमी, दिवाळीतील कडक चकली आणि शंकरपाळे, ऊस, भाजलेले चणे, चिक्की, ह्यांनी ब्रॅकेट निखळतात. बिही, म्हणजे आपला पेरू, चावून न खाता फोडी करून खावा. भाकरीचा कडक पापुद्रा दुधात किंवा आमटीत भिजवावा. ह्या प्रांतात मऊ पदार्थांना तोटा नाही. फरा, चीला, आणि उन्हाळ्यात रात्री पाण्यात भिजवून ठेवलेल्या भाताची बासी हे सर्व जणू तार लावलेल्यांसाठीच योजलेले आहेत. ज्या मुलाला मित्रांच्या पंगतीत 'हे चालत नाही, ते चालत नाही' असे सतत म्हणावे लागते, त्याच्यापुढे 'हे चालते' असे चार पदार्थ ठेवणे अधिक शहाणपणाचे.

परंतु खाण्यापेक्षाही मोठा प्रश्न स्वच्छतेचा आहे. ब्रॅकेटच्या कडेला अन्नाचा थर साचून राहिला तर चार आठवड्यांतच दाताच्या कवचावर खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात. ही किडीची पहिली पायरी. तार निघाल्यावर दात ओळीत, पण प्रत्येकावर चौकोनी डाग, असे दृश्य पाहण्याची वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रशने, फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून, तारेच्या वरून आणि खालून दात घासावेत. तारेखाली शिरणारा बारीक शंकूच्या आकाराचा ब्रश निराळा मिळतो. खेड्यातील मुलाला मुखारीची, म्हणजे कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातवणाची सवय असते. सवय चांगली, पण दातवण तारेखाली पोहोचत नाही आणि ते चावताना ब्रॅकेट सुटतो. तार असेपर्यंत त्याने ब्रशच वापरावा.

दर चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे जावयाचे असते, आणि नेमके येथेच अंतराचा प्रश्न उभा राहतो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मराठी कुटुंबे ह्या प्रदेशात आली आणि येथलीच झाली. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. नागपूरचे शासकीय दंतमहाविद्यालय १९६८ साली निघाले, इंदूरचे त्याआधी १९६१ साली. नागपूर रायपूरहून सुमारे ३०० किलोमीटर, इंदूर त्याहून कितीतरी दूर. दाढ काढावयास माणूस एकदा तेवढा प्रवास करील. पण दर महिन्याला, दोन वर्षे, शाळकरी मुलाला घेऊन ३०० किलोमीटर जाणे किती संसारांना परवडले असते? ज्यांच्याजवळ पैसा होता किंवा नागपुरात नातलग होते त्यांच्या मुलांचे दात सरळ झाले, इतरांचे जसे होते तसे राहिले.

२००० साली छत्तीसगड राज्य झाले आणि २००३ साली रायपुरात शासकीय दंतमहाविद्यालय सुरू झाले. २०१२ पासून तेथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचीही जोड मिळाली. भिलाई, राजनांदगाव, बिलासपूर येथे खाजगी दंतमहाविद्यालये आहेत. शासकीय संस्थेतील खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. मात्र तेथे वेळ अधिक द्यावा लागतो आणि रांगेत थांबावे लागते. शहरातील कुटुंबाला आता महिन्याची भेट म्हणजे एका सकाळचे काम उरले आहे. पण जगदलपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटरच पडते. एके काळी रायपूरकराला नागपूर जितके दूर होते तितकेच आज बस्तरच्या मुलाला रायपूर दूर आहे. बसभाडे, वडिलांची बुडालेली मजुरी, शाळेचा खाडा, हा खर्च कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो, आणि उपचार अर्ध्यावर सुटतात ते बहुतेकदा ह्या न लिहिलेल्या खर्चापायी.

अर्धवट सुटलेला उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षा वाईट, हे पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे. तार तोंडात तशीच राहते, कोणी तपासत नाही, दाब भलत्याच दिशेने पडत राहतो, कडेला कीड लागते. उपदाढा काढलेल्या असतील तर त्या जागा उघड्याच राहतात. म्हणून तार बांधण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. एकूण खर्च किती आणि हप्ते कसे? साधारण किती महिने लागतील? बदली झाली किंवा गाव बदलले तर कागदपत्रे आणि क्ष-किरण चित्रे मिळतील काय? आणि तार काढल्यावर पुढे काय? उत्तरे ऐकून आपल्याला हे तडीस नेता येणार नाही असे वाटले तर वर्ष-दोन वर्षे थांबण्यात कमीपणा नाही. हाड वाट पाहू शकते. तोपर्यंत दात किडू मात्र देऊ नयेत.

ह्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना ठाऊक नसते. तार निघते तो दिवस उपचाराचा शेवट नव्हे. नवे हाड अजून कोवळे असते, आणि हिरडीतील तंतूंना नव्या जागेची सवय होण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. ह्यासाठी रिटेनर नावाची काढता-घालता येणारी पट्टी, किंवा दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार वापरावी लागते. पहिली काही महिने जवळजवळ अहोरात्र, नंतर रात्री, आणि पुढे डॉक्टर सांगतील तितका काळ. परीक्षेच्या किंवा लग्नाच्या धामधुमीत ती पट्टी कपाटात राहते, दोन महिन्यांनी घालू जावे तो बसत नाही, आणि दोन वर्षांचे काम हळूहळू मागे फिरते. मोहीम जिंकल्यावर गडावर शिबंदी न ठेवणाऱ्या सरदाराची जी गत होई, तीच रिटेनर टाकणाऱ्याची होते.

आरशासमोरची ती नात दोन वर्षांनी हसेल तेव्हा लोक तारेची आणि डॉक्टरांची तारीफ करतील. ती योग्यच आहे. पण त्या हसण्यात आणखी कितीतरी गोष्टींचा वाटा असेल : रोज तीन वेळा घासलेले दात, शेजारच्या घरी नाकारलेली ठेठरी, वडिलांनी न चुकवलेल्या भेटी, आणि मुलीला चिडवणाऱ्याला आजीने दिलेला एखादा खणखणीत टोला. तोंडातल्या पेशी आपले काम आपल्या गतीने करीतच असतात. घरातल्या माणसांनी त्यांना पुरेसा वेळ द्यावा आणि हाती घेतलेले मध्येच टाकू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. आजींनी विचारलेल्या प्रश्नाला म्हणून इतकेच सांगता येईल की घर दोन वर्षांत उभे राहते हे खरे, पण हे घर त्यात राहणारे माणूस जेवत, बोलत आणि हसत असताना बांधावयाचे असते.